खाटेपाशी नेलेला कम्प्युटर

आमच्या हॉस्पिटलात लिननची खोली तळमजल्यावर जिन्याखाली होती. चादरी, उशांचे अभ्रे आणि ऑपरेशनचे हिरवे कपडे धोब्याला मोजून द्यायचे आणि मोजून परत घ्यायचे, एवढंच तिथलं काम. खोलीला खिडकी नव्हती, आणि तिथे आजारी कुणी नव्हतं. ज्या सिस्टरचे गुडघे गेले किंवा जिचं वरच्या लोकांशी पटेना, तिला तिथे बसवायची पद्धत होती. माझे गुडघे ठणठणीत होते. वरच्यांशी पटायचं नाही, हे मात्र खरं.

मी फिमेल मेडिकल वॉर्डाची इनचार्ज सिस्टर होते. नागपूरला नर्सिंग शिकले, लग्न करून रायपूरला आले आणि तेव्हापासून याच हॉस्पिटलात. बाकीच्या वॉर्डांतून मी फिरून आले होते, पण जीव लागला तो इथेच. लांबलचक हॉल, दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा, मधून चालायची वाट, दाराशी आमचं काउंटर. मलेरिया, कावीळ, साखर, दमा, टायफॉइड असं सगळं तिथे असायचं, आणि त्या खाटांवर पडलेल्या बायका बऱ्या होता होता एवढ्या बोलायच्या की मला घरी गेल्यावर शांतता खुपायची.

रायपूर छत्तीसगढची राजधानी होऊन काही वर्षं झाली होती. शहराच्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं. रोज नवीन ऑफिसची पाटी, रोज एखादा रस्ता खोदलेला. तेलीबांध्याच्या पुढे, जिथे पूर्वी आमची हॉस्पिटलची सहल जायची, तिथे मोजणीवाले दुर्बिणी लावून उभे असायचे. बूढ़ापाऱ्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या भजीवाल्यानंसुद्धा ठेल्यावर ‘राजधानी’ असं रंगवून घेतलं, आणि भज्यांचा भाव वाढवला. मग आमच्या ट्रस्टी लोकांना वाटलं, राजधानीतलं हॉस्पिटल कम्प्युटरवर पाहिजे.

मोठ्या डॉक्टरांनी सगळ्या इनचार्ज सिस्टरांना बोलावलं. मोठे डॉक्टर म्हणजे आमचे सुपरिंटेंडेंट. भोसल्यांच्या काळात इकडे आलेल्या जुन्या मराठी घराण्यातले, हुशार, हाताला गुण असलेले, आणि स्वतःला सगळं कळतं असं मानणारे.

“आता कागद बंद,” ते म्हणाले. “पेशंटचा ताप, बीपी, दवाई, सगळं कम्प्युटरमध्ये टाकायचं. सुरुवात फिमेल मेडिकलपासून. दिवाळीच्या आधी ट्रस्टी पाहायले येतील.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “सिस्टर, तुमचा वॉर्ड चालला पाहिजे. नाही जमलं तर छोटी सिस्टर चार्ज घेईल. तुम्हाले लिननमध्ये आराम होईल.”

‘आराम’ म्हणाले! माझ्या डोक्यात तिडीक गेली. “सर, आराम मले मेल्यावर भेटणारच हाये,” मी म्हणाले. सगळ्या इनचार्ज खाली माना घालून हसल्या. डॉक्टर हसले नाहीत.

छोटी सिस्टर म्हणजे माझ्याच वॉर्डातली स्टाफ नर्स. बीरगांवची छत्तीसगढी मुलगी, वडील उरल्याच्या कारखान्यात. नर्सिंग कॉलेजात असतानाच ती कम्प्युटरचा क्लास करून आली होती. कामाला चपळ, बोलायला गोड, मला दीदी म्हणायची. तिच्यावर राग धरावा असं तिच्यात काही नव्हतं, आणि त्याचाच मला राग येत होता.

कम्प्युटर आला त्या दिवशी आयाबाईनं त्याला हळदकुंकू लावलं, समोर नारळ फोडला. कंपनीचा माणूस ओरडला, “पानी मत गिराओ, पानी मत गिराओ!” मी काउंटरवरून त्या काळ्या काचेत पाहिलं, तर आत माझंच तोंड दिसलं. रागावलेलं.

घरी आमच्याकडे कम्प्युटर होता. मुलगी कॉलेजात होती, तिच्यासाठी घेतला होता. त्याच्यावर घातलेलं क्रोशाचं झाकण मीच विणलं होतं. त्यापलीकडे माझा त्याच्याशी संबंध नव्हता. त्या संध्याकाळी मी झाकण काढून समोर बसले.

“मले शिकव,” मी मुलीला म्हणाले.

माझ्या मुलीला मराठी सगळं समजायचं, पण बोलायची हिंदीच. “मम्मी, पहले माउस पकड़ो,” ती म्हणाली. मी पकडला. “इतना ज़ोर से नहीं, भागेगा नहीं वो.”

आयुष्यभर मी या पोरीला हात धरून शिकवलं होतं. आता ती माझ्या हातावर हात ठेवून बाण कसा न्यायचा ते दाखवत होती. तिचा हात माझ्यापेक्षा मोठा झालाय, हे मला त्या दिवशी कळलं. मला इतका आनंद झाला की बाण कुठच्या कुठे गेला.

सरावाला पेशंट पाहिजे होते, म्हणून मी घरातलेच भरती केले. आमच्या ह्यांचा पहिला नंबर. ते रेल्वेच्या ऑफिसात होते, आणि घरी आल्यावर पेपरामागे जायचे ते जेवायलाच बाहेर यायचे. मी टाइप केलं: तक्रार – ऐकू येत नाही. केव्हापासून – लग्नापासून. उपचार – चालू. मुलगी हसून हसून पलंगावर पडली. ह्यांनी पेपर खाली केला आणि विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “पाहा, थोडा फरक पडून राहिला.” मग सासूबाई, शेजारीण, भजीवाला, सगळ्यांना मी अॅडमिट केलं, इंजेक्शनं दिली आणि डिस्चार्ज दिला. भजीवाल्याला तर भाव कमी करायच्या अटीवर सोडलं. बोटं आधी अक्षरं शोधत फिरायची, हळूहळू आपण होऊन जायला लागली.

तेव्हा मला वाटलं, झालं. लिननची खोली लांब राहिली. पण वॉर्डात भलतंच झालं.

आम्हा नर्सांची एक पद्धत असते, ती कुठल्या पुस्तकात लिहिलेली नसते. आधी काम करायचं, मग लिहायचं. सकाळच्या ड्यूटीत एका टोकापासून सुरुवात केली की ताप बघा, सलाइन बदला, इंजेक्शन द्या, कुणाला उलटी झाली तिकडे धावा, कुणाची सासू भांडायला आली तिला बाहेर काढा, आणि हे सगळं आटोपलं की ड्यूटी संपायच्या आधी काउंटरवर बसून एका दमात सगळे कागद भरायचे. वेळ आपणच लिहायची. आठाला दिलेल्या इंजेक्शनपुढे आठ, दहाच्यापुढे दहा. डोक्यात सगळं पक्कं असतं. चूक होत नाही.

कम्प्युटरवरही आम्ही तसंच केलं. फरक एवढाच की हा बाबा वेळ आपली आपण टाकायचा. आपण बटण दाबलं ती त्याची वेळ.

मोठ्या डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. समोर छापलेला कागद होता. “सिस्टर, हे काय होऊन राहिलं? तुमच्या वॉर्डात सकाळपासून कोणाले दवाई नाही, कोणाले इंजेक्शन नाही, ताप कोणी पाहिलाच नाही. अन् ड्यूटी संपायच्या वेळेवर साऱ्या वॉर्डाले एकदम इंजेक्शन देल्लं. धाड घातली का?”

“सर, देल्लं वेळेवरच. लिहिलं मागून.”

“कम्प्युटर तसं नाही म्हणून राहिला.”

“कम्प्युटर वॉर्डात होता काय पाहायले? तो तर काउंटरवर बसून होता!”

बोलून मी बाहेर आले. पाय आपटत आले, हेही सांगायला हरकत नाही. माझी खात्री होती की बरोबर मी आहे आणि चूक त्या डब्याची आहे. पण त्याच आठवड्यात एका दुपारी एक नवीन ज्युनिअर डॉक्टर वॉर्डात आले. त्यांनी स्क्रीन पाहिली. टायफॉइडच्या एका बाईच्या नावापुढे इंजेक्शनची जागा रिकामी दिसली. सकाळी ते इंजेक्शन मीच दिलं होतं. त्यांनी दुसरं भरून घ्यायला सांगितलं. छोटी सिस्टर आडवी आली, “सर, हो गया है, दीदी ने दिया है, मेरे सामने,” म्हणून निभावलं.

मी संडासाच्या बाजूच्या खोलीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. इतके दिवस माझ्या डोक्यात काय आहे ते फक्त मला माहीत होतं, आणि तेवढं पुरत होतं, कारण कागद भरेपर्यंत कुणी तो बघतच नसे. आता सगळे स्क्रीन बघत होते. स्क्रीनवर नाही ते झालंच नाही. मग ते तिथे लगेच आलं पाहिजे, यात मोठ्या डॉक्टरांचं बरोबर होतं. मला ते त्यांच्या तोंडावर कबूल करायचं नव्हतं, एवढाच प्रश्न राहिला.

दुसऱ्या दिवशी मी हुकूम काढला: इंजेक्शन दिलं की लगेच काउंटरवर जाऊन टाकायचं. आम्ही सगळ्या खाटेपासून काउंटर आणि काउंटरपासून खाट अशा पळायला लागलो. दुपारपर्यंत सगळ्यांचे पाय गळाले. शिवाय काउंटरवर गेलं की स्क्रीन उघडेपर्यंत पाठ वॉर्डाकडे. सगळ्यात वाईट झालं ते ओव्हरचं. ड्यूटी बदलताना जाणारी नर्स येणारीला प्रत्येक खाटेपाशी नेऊन पेशंटची हकीकत सांगते, त्याला आम्ही ओव्हर म्हणतो. तेवढ्या वेळात पेशंटला कळतं की ही गेली, आता ती आली, आपल्याला बघणारं माणूस आहे. आता आम्ही काउंटरभोवती घोळका करून स्क्रीनवरच ओव्हर द्यायला लागलो.

बायका खाटांवरून माना लांब करून बघत होत्या. खिडकीजवळच्या खाटेवर बीरगांवची एक म्हातारी होती, दम्याची. ती मोठ्यानं म्हणाली, “सिस्टर मन टीवी देखत हें. हमन ल कोन देखही?” तुम्ही टीव्ही बघता, आम्हाला कोण बघणार? सगळा वॉर्ड हसला. मी नाही हसले. मला ते लागलं, कारण ती बरोबर बोलत होती.

किचनमध्ये एक जुनी ट्रॉली पडली होती. पूर्वी त्यावरून दूध आणि पाव वाटायचे. चाकं कुरकुरत होती, पण चालत होती. मी ती धुवून घेतली, चाकांना तेल घातलं, आणि कम्प्युटर काउंटरवरून उचलून तिच्यावर ठेवला. खालच्या कप्प्यात तो बॅटरीचा जड डबा. इलेक्ट्रिशियन भैयाला बोलावलं आणि म्हटलं, “शेवटच्या खाटेपर्यंत पोहोचेल इतकी लंबी वायर पाहिजे.” त्यानं दोन्ही वायरी, विजेची आणि बाकीच्या कम्प्युटरांना जोडणारी ती निळी, एकत्र बांधून दिल्या.

कंपनीचा माणूस आला आणि कपाळाला हात लावला. “मैडम, इसको टेबल से हिलाना मना है।”

“तो पेशंट को टेबल पे लाऊँ क्या?” मी म्हटलं.

त्यानं डॉक्टरांकडे तक्रार केली. डॉक्टर म्हणाले, ट्रस्टी येतील तेव्हा पाहू, पडला तर भरपाई सिस्टरच्या पगारातून. ठीक आहे, म्हटलं. मग आमची मिरवणूक सुरू झाली. पुढे छोटी सिस्टर ट्रॉली ढकलत, मधे मी सुया-औषधं घेऊन, आणि मागे आयाबाई वायर दोन्ही हातांनी उचलून, नवरीचा शालू सांभाळावा तशी. खाटेपाशी थांबायचं, इंजेक्शन द्यायचं, तिथेच बटण दाबायचं. बटण दाबलं की नावापुढची लाल खूण हिरवी व्हायची. पुढची खाट.

पहिल्या दिवशी बायकांना वाटलं फोटो काढतात. ट्रॉली जवळ यायला लागली की जी ती पदर सारखा करायला लागली. एकीनं तर सलाइन लावलेल्या हातानं केस विंचरायला घेतले. तिला रागवावं लागलं. फोटो नाही म्हटल्यावर मग काय आहे ते बघायचं होतं. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवून दाखवायला लागले. हा तुझा ताप, कालच्यापेक्षा खाली आलाय, बघ. ही तुझी साखर, काल कुणी लपून पेढा खाल्ला ते यात दिसतं. पेढेवाली लाजून चादरीत शिरली. कागदाच्या वेळी मी हे कधी कुणाला दाखवलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

खिडकीजवळच्या म्हातारीपाशी गेलो. इकडे लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात. पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले लोक, जावा, सुना, नवरासुद्धा. आमच्या वॉर्डातही तिला भेटायला येणारे तसंच म्हणायचे, आणि आम्हीही म्हणायचो. कम्प्युटरला तसलं चालत नव्हतं. अॅडमिशनच्या वेळी तिच्या मुलानं रेशनकार्डावरून पाहून तिचं खरं नाव लिहून दिलं होतं. छोट्या सिस्टरनं स्क्रीनवरून ते मोठ्यानं वाचलं.

म्हातारीनं इकडेतिकडे पाहिलं. “कोन ए?”

“तैं दाई,” छोटी सिस्टर तिच्याच बोलीत म्हणाली. तूच की, आई.

म्हातारी हळूच म्हणाली, “एक घाँव अउ पढ़ तो.” पुन्हा एकदा वाच. छोटीनं पुन्हा वाचलं. म्हातारीनं तोंडावर पदर घेतला आणि त्याच्याआड इतकी हसली की मला तिला दम लागेल अशी भीती वाटली. म्हणाली, माझ्या बापानंतर हे नाव कुणी घेतलंच नाही. त्या दिवसापासून प्रत्येक ड्यूटीला, प्रत्येक ओव्हरला, तिच्या खाटेपाशी तिचं नाव मोठ्यानं वाचावं लागायचं, नाहीतर ती हात पुढे करायची नाही. मग बाकीच्या बायकांनीही तेच धरलं. आमचा ओव्हर म्हणजे हजेरी झाली. नाव घेतलं की एकेक बाई खाटेवरून “हव!”, म्हणजे हो, म्हणून ओरडायची. बाजूच्या मेल वॉर्डातले लोक दारातून डोकावून बघायचे की इथे चाललंय काय.

आणि त्या हिरव्या खुणेचं त्यांना भारी अप्रूप. आपली हिरवी झाली की नाही याच्यावर प्रत्येकीचा डोळा. वॉर्डात एवढी मजा मी नोकरीत कधी पाहिली नव्हती. तरी घरी जाताना, बूढ़ा तलावाच्या बाजूनं स्कूटर चालवताना, मी उरलेले दिवस मोजायचे. ट्रस्टींचा दिवस जवळ येत होता.

तो आला. सकाळच्या औषधांच्या वेळीच मंडळी हजर झाली. पांढरे कपडे घातलेले ट्रस्टी, कंपनीचा माणूस, मोठे डॉक्टर. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळेना. कंपनीचा माणूस वायरीकडे असा बघत होता की जणू साप आहे. मी इस्त्रीची साडी नेसले होते आणि पिना नीट लावल्या होत्या. छोटीनं कानात विचारलं, “दीदी, मैं करूँ?” मी म्हटलं, “नाही. माहा वॉर्ड आहे, मीच करतो.”

पहिल्या खाटा बऱ्या गेल्या. ट्रस्टी मान डोलवत होते. म्हातारीचं नाव वाचलं, ती ओरडली, ते दचकले. मी तिला इंजेक्शन दिलं, चोळलं, सुई टाकली, आणि घाबरल्याच्या भरात ट्रॉली पुढे ढकलायला सांगितली. मिरवणूक पुढे निघाली.

“ए सिस्टर!” मागून आवाज आला. म्हातारी खाटेवर उठून बसली होती आणि स्क्रीनकडे बोट करत होती. “मोर तो हरियर नइ होए हे!”

कंपनीच्या माणसानं विचारलं, काय म्हणते. छोटी सिस्टर म्हणाली, “बोल रही है, मेरा हरा नहीं हुआ.”

मी बघितलं. खरंच, इंजेक्शन देऊन बटण दाबायचं राहिलं होतं. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला तेच नेमकं सगळ्यांसमोर चुकले. लिननची खोली मला समोर दिसायला लागली. मी ट्रॉली मागे घेतली आणि बटण दाबलं. खूण हिरवी झाली. “अब होगे,” म्हातारी समाधानानं म्हणाली आणि आडवी झाली. ट्रस्टींना तिनं हात हलवून सांगितलं, आता जा.

मग सगळ्यात वयस्कर ट्रस्टी मोठ्यानं हसायला लागले. “डॉक्टर साहब, जहाँ मरीज़ खुद चेक कर रहा है, वहाँ हम क्या चेक करें?” ते म्हणाले. मोठे डॉक्टर माझ्याकडे बघत होते. “सिस्टर, हे तुम्ही शिकवलं या बायकायले?” मी म्हटलं, “सर, त्या स्वतःच शिकल्या. मीच त्यायच्याकडून शिकून राहिली.” आणि माझा जीव भांड्यात पडला. त्या दुपारी आम्ही वॉर्डात जिलेबी वाटली. साखरवालीला दिली नाही, ती रुसली.

मला वाटलं इथे सगळं संपलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी परत बोलावलं. खोलीत गेले तर त्यांनी चक्क खुर्ची दिली आणि चहा मागवला. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

“सिस्टर, मी चुकलो,” ते म्हणाले. “तुम्हाले लिननमध्ये पाठवाची गोष्ट केली होती. आता ट्रस्टी म्हणतात, पूर्ण हॉस्पिटलात हे तुम्हीच लावा. सगळ्या वॉर्डांची कम्प्युटर इनचार्ज. वरच्या मजल्यावर एसीची खोली देऊ. नाइट ड्यूटी बंद. रविवारी सुट्टी.”

“अन् माहा वॉर्ड?”

“तो छोट्या सिस्टरले देऊन देऊ. ती काही कमी नाही.”

मला हसावं की रडावं कळेना. लिननला जाऊ नये म्हणून मी म्हातारपणी टाइपिंग शिकले, ट्रॉली ढकलली, पगार पणाला लावला. आणि इतकं चांगलं केलं की वॉर्ड हातचा गेला. हरले असते तर खालच्या मजल्यावर, जिंकले तर वरच्या. मधल्या मजल्यावर, जिथे माझ्या बायका होत्या, तिथे कुणी राहू देईना.

संध्याकाळी घरी सांगितलं. ह्यांनी पेपर खाली ठेवला, स्वतःहून, आणि उठून पेढे आणायला गेले. मुलगी म्हणाली, “मम्मी, केबिन! अपना नाम लिखा रहेगा दरवाज़े पे!” दोघं इतके खूश होते की मी पेढा खाल्ला आणि काही बोलले नाही. पेढा चांगला होता. माझं तोंड कडू होतं, ह्यांना ते कळलं. “तुले नाही जायचं तं नको जाऊ,” ते म्हणाले. “पण सांगताना चिडू नको. चिडलीस की लोकं तुहं ऐकत नाही, फक्त तुले पाहतात.” लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्याबद्दल एवढं नेमकं ते पहिल्यांदाच बोलले.

सकाळी वॉर्डात गेले. छोट्या सिस्टरला बाजूला घेऊन सगळं सांगितलं आणि विचारलं, तुला काय पाहिजे. ती आधी “नहीं दीदी, आपका वार्ड मैं कैसे लूँ” करत होती. मी म्हटलं, खरं बोल, मनातलं बोल. तेव्हा तिचे डोळे चमकले. तिला वॉर्ड नको होता. तिला फिरायचं होतं. सर्जिकल, मॅटर्निटी, मुलांचा वॉर्ड, सगळीकडे ट्रॉली घेऊन जायचं होतं, सगळ्या सिस्टरांना शिकवायचं होतं. “दीदी, पूरा अस्पताल चला दूँगी,” ती म्हणाली. माझी खात्री होती की ही चालवील. मी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि डॉक्टरांच्या खोलीत गेले.

डॉक्टरांच्या टेबलावर आता त्यांचाही कम्प्युटर आला होता. कोणती सिस्टर कुठे, हे सगळं त्यातच होतं. ते स्वतः त्याला हात लावायचे नाहीत. बोलायचे आणि दुसऱ्याकडून टाइप करून घ्यायचे.

“या सिस्टर. बदलीची ऑर्डर काढून टाकू,” ते म्हणाले. “टाका तुम्हीच. तुमचा हात आता फास्ट झाला.” त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

मी बसले. ह्यांचं ‘चिडू नको’ आठवलं. छोट्या सिस्टरचं नाव उघडलं आणि तिच्यापुढे टाइप केलं: सगळे वॉर्ड, कम्प्युटर ट्रेनिंग इनचार्ज. वरच्या मजल्यावरची खोलीही तिच्याच नावावर टाकली. मग माझं नाव उघडलं. ‘कुठून’ असं विचारलं होतं तिथे फिमेल मेडिकल वॉर्ड आधीच आलेलं होतं. खाली ‘कुठे’ अशी जागा रिकामी होती. तिथे मी सावकाश, एकेक अक्षर बघून, फिमेल मेडिकल वॉर्ड लिहिलं.

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीन वाचली. परत चष्मा खाली घेऊन वाचली.

“सिस्टर, ही कसली बदली?”

“सर, छोटी माह्यापेक्षा चांगलं शिकवते. अन् जिले प्रत्यक्ष पाहायचं असेल, तिले माह्या वॉर्डात पाठवा एकेक ड्यूटी. मी दाखवतो. पण खाटेपाशी दाखवतो. वरच्या खोलीत खाट नाही.”

आवाज चढला नव्हता. माझं मलाच आश्चर्य वाटलं. डॉक्टरांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “उठा, आता मी करतो. हे पक्कं कुठून करतात?”

मी खुर्ची सोडली नाही. त्यांचा हात माउसवर ठेवायला सांगितला, बाण कुठे न्यायचा ते काचेवर बोट टेकवून दाखवलं, आणि त्यांनी बटण दाबेपर्यंत तिथेच बसून राहिले.